बाणबाई शिवायला बसल्या

शर्टांच्या कारखान्यात सगळे त्यांना बाणबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठ वळली की 'बाणबाई'. शिलाईच्या लाइनीच्या अगदी शेवटी, डोळ्यांत टोचणाऱ्या पांढऱ्या दिव्याखाली त्यांचं चेकिंगचं टेबल होतं. शिवून आलेला प्रत्येक शर्ट त्या टेबलावर आधी उताणा पडायचा, मग पालथा, मग आतली बाजू बाहेर. कुठे टाका सुटलाय, कॉलरचं टोक वाकलंय, खिसा केसभर खाली उतरलाय, की बाईंचं बोट तिथे थबकायचं आणि दुसऱ्या हाताने एक इवलासा लाल कागदी बाण त्या जागेवर चिकटायचा. बाण लागला की शर्ट परत. ज्या बाईने शिवला तिनेच तो उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. "तिला सांगून काही उपयोग नाही," मशीनवरच्या बायका एकमेकींना म्हणायच्या, "ती झोपेतसुद्धा उशीची शिलाई बघत असेल."

आता एवढं शिवण ज्यांच्या नजरेखालून गेलं, त्या बाणबाईंना स्वतःला शिवता येत नव्हतं. अजिबात नाही. कारखान्यात हे कुणाला कळलं नाही, कारण तसा प्रसंगच कधी आला नाही. त्या लागल्या होत्या दोरे कापायच्या कामाला. नजर तीक्ष्ण म्हणून साहेबांनी उचलून टेबलापाशी उभं केलं, आणि तिथेच त्यांची नोकरी सरली. मशीनला त्यांचा हात लागला असेल तर तो बोलता बोलता टेकायला म्हणून. घरातली बटणं त्यांचे यजमान लावायचे. ते बस डेपोत मेकॅनिक होते, आणि नटबोल्ट कसावा तसं बटण कसायचे. एकदा लावलेलं बटण पुन्हा तुटलं असं झालं नाही, शर्ट आधी फाटायचा.

एवढ्यावर राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मधे एक 'हं' होता.

झालं होतं असं, की ज्या शर्टांची चूक उसवूनही सुधारण्यासारखी नसे, ते शर्ट कारखान्यातल्या माणसांना घरी न्यायला मिळत. बाई त्यांतले छोटे बघून मुलासाठी आणायच्या. येताना बसमध्येच नखाने बाण खरवडून काढायच्या. मुलगा लहान असताना असाच एक निळा शर्ट अंगात घालून आरशासमोर फिरला आणि त्याने विचारलं, "आई, हा तू शिवलास?" बाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या, पाय भरून आले होते, चहा उतू जायच्या बेतात होता. त्या म्हणाल्या, "हं."

दुसऱ्या शर्टाच्या वेळी मुलाने विचारलंच नाही. तो धरूनच चालला.

मुलगा मोठा झाला, बँकेत लागला, त्याचं लग्न झालं, वेगळं घर झालं. बाई निवृत्त झाल्या. आणि सुनेला दिवस गेले, तेव्हा तो 'हं' जेवणाच्या टेबलावर पुन्हा येऊन बसला.

त्या दिवशी विहीणबाई आल्या होत्या. मनाने फार मोकळ्या, पण बोलायला लागल्या की समोरच्याने हात वर करून परवानगी मागावी अशा. बाळासाठी काय काय घ्यायचं यावर त्यांची गाडी सुटली होती. पाळणा झाला, टोपडी झाली, आणि सून म्हणाली, "एक पातळशी रजई घेऊ या, दुकानात छान मिळतात."

"दुकानात?" विहीणबाईंनी चमचा खाली ठेवला. "घरात एवढ्या कसलेल्या विहीणबाई असताना आपण दुकानात जायचं? अगं, त्यांचा जन्म गेला शिवणकामात!"

"अगदी," मुलगा म्हणाला. "लहानपणी माझा एकही शर्ट विकतचा नव्हता. सगळे आईने शिवलेले." आणि त्याने आईकडे असं पाहिलं, की जणू शाळेच्या स्टेजवर बक्षीस घ्यायला तोच उभा आहे.

यजमानांना ठसका लागला. ते पाणी प्यायले, आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे एकाग्रतेने बघत बसले.

बाईंना वाटलं, आता बोलावं. हसत हसत सांगून टाकावं. पण सून बघत होती, विहीणबाई बघत होत्या, मुलाचा तो चेहरा समोर होता. "गोधडी शिवते की," त्या म्हणाल्या. "चार पट्ट्या जोडायच्या, त्यात काय?"

पाहुणे गेल्यावर यजमान भांडी पुसायला उभे राहिले. एकच ताट दोनदा पुसलं. मग म्हणाले, "अगं, ते 'त्यात काय' मला जरा नीट समजावून सांग. म्हणजे मीही शिकून घेतो."

"गप्प बसा."

"बसतो. फक्त गोधडीला बटणं असली तर आधी सांग."

यजमानांच्या बहिणीकडे एक शिलाई मशीन पडून होतं, ते घरी आलं. बाईंनी दार लावून घेतलं आणि दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून पेडलवर पाय दिला. वरून शिलाई बरी दिसली म्हणून पालथं करून बघितलं, तर खाली दोऱ्याचं घरटं. पुन्हा केलं. पुन्हा घरटं. तिसऱ्यांदा घरटं झालं नाही, पण शिलाई अशी वाकडी गेली होती की त्यांचं बोट आपोआप तिथे जाऊन थांबलं. हेच तर सगळ्यात वाईट होतं. डोळ्यांना प्रत्येक चूक दिसत होती आणि हातांना त्यातलं काहीही कळत नव्हतं. 

मग त्यांना एका दुकानाच्या काचेवर कागद दिसला: 'सरळ पट्ट्यांची गोधडी. अगदी नवशिक्यांसाठी.' वर्ग भरायचा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये. जायला दोन बस बदलाव्या लागत. बाईंना तेच पाहिजे होतं. तिकडे आपल्याला काळं कुत्रं ओळखणार नाही, असं म्हणत त्यांनी कापडाची पिशवी भरली. पिवळं, पांढरं, फिकट हिरवं, आणि एक बारीक ठिपक्यांचं. कापड मात्र त्यांनी उत्तम निवडलं होतं. ते त्यांना येत होतं.

हॉलच्या दारात पाय ठेवला आणि आतून आवाज आला, "अगं बाई! बाणबाई?"

शिकवणारी त्यांच्याच कारखान्यातली निघाली. कित्येक वर्षं कॉलरच्या मशीनवर होती. तिला सगळे कॉलरवाली म्हणत. तोंडून टोपणनाव निसटलं म्हणून तिने जीभ चावली, आणि मग धावत येऊन बाईंचे दोन्ही हात धरले. वर्गाकडे वळून म्हणाली, "या कोण आहेत माहितीये? यांच्या टेबलावरून माझी कॉलर पास झाली ना, की मी घरी जाऊन सांगायचे. अशी नजर मी पुन्हा बघितली नाही." मग बाईंकडे बघून, "तुम्ही इकडे कुठे? आम्हाला मदत करायला आलात का?"

वर्गात दोन कॉलेजच्या मुली होत्या, एक बँकेतली तरुण बाई होती, आणि शेवटच्या मशीनवर एक धिप्पाड ट्रकवाला, पाय मोडल्यामुळे काही महिने घरी बसलेला. सगळे बाईंकडे बघत होते. 'शिकायला आले' हे दोन शब्द जिभेच्या टोकावर होते.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हटलं बघावं, हल्लीची माणसं कशी शिवतात." आणि हातातली पिशवी त्यांनी खुर्चीखाली ठेवून पायाने मागे सरकवली.

अशा रीतीने बाणबाई शिकायला गेल्या आणि पहिल्याच दिवशी पुन्हा चेकर झाल्या. कॉलरवाली मशीन शिकवायची, आणि बाई पाठीमागे हात बांधून फिरायच्या. "इथे सुटलंय." "हे टोक जुळत नाही." "दोऱ्याचा ताण बघा." मुली मान हलवून उसवायला घ्यायच्या. आणि खोटं कशाला बोला, बाईंना ते आवडत होतं. निवृत्त झाल्यापासून आपलं म्हणणं कुणी इतक्या मुकाट्याने ऐकलं नव्हतं. हॉलमध्ये असेपर्यंत त्या तरतरीत असायच्या. बसमध्ये बसलं, मांडीवर ती न उघडलेली पिशवी आली, की सगळा उत्साह फुग्याला सुई टोचल्यासारखा निघून जायचा.

घरी यजमान विचारायचे, "आज काय केलं?"

"पट्ट्या जोडल्या."

"बघू की."

"तिथेच ठेवल्यात. कपाटात."

यजमान मान डोलवायचे. आता त्यांच्याशीही खोटं बोलणं सुरू झालं होतं, आणि जगात एवढा एकच माणूस उरला होता की ज्याच्याशी आजवर खोटं बोलावं लागलं नव्हतं. तिकडून सुनेचा फोन यायचा. "आई, रंग कुठले घेतलेत? नाही, सांगू नका. एकदमच बघते." सुनेच्या आवाजातला तो गोडवा बाईंना कानाला चटका बसावा तसा लागायचा.

ट्रकवाला मुलीसाठी गोधडी करत होता. मुलगी शिकायला परगावी राहत होती, आणि तिथे तिला थंडी वाजते असं ती म्हणाली होती. त्याचे पंजे असे, की सुई त्यांत सापडायची नाही. "ट्रक डोळे मिटून सरळ रेषेत नेईन," तो म्हणायचा, "हे कार्टं मात्र ऐकत नाही." तो मन लावून शिवायचा, पण पट्ट्या जोडत गेला की त्याचं कापड एका बाजूला वाकत जायचं. बाईंनी त्याला तीनदा उसवायला लावलं होतं. त्या दिवशी त्याने पुन्हा सगळं जोडून टेबलावर पसरलं, आणि ते पुन्हा वाकलेलं होतं.

"ही गोधडी आहे की केळं?" बाई म्हणाल्या.

मुली हसल्या. ट्रकवाला कानापर्यंत लाल झाला.

"उसवा सगळं," बाई म्हणाल्या.

"उसवतो. पण वाकतंय कशामुळे तेवढं सांगा. नाहीतर परत तसंच होणार."

बाईंनी कापडाची कड हातात धरली. वाकलंय हे त्यांना खोलीच्या पलीकडून दिसलं असतं. का वाकलंय, हे त्यांना जन्मात कुणी विचारलं नव्हतं. "लक्ष नाही तुमचं," त्या म्हणाल्या.

"लक्ष तर आहे." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती थकावट होती. "तुम्ही एकदा करून दाखवा ना. मी बघतो, म्हणजे समजेल."

"हो बाई, खरंच!" इस्त्रीच्या टेबलापासून कॉलरवाली म्हणाली. "दाखवा एकदा. माझ्यासुद्धा डोळ्याचं पारणं फिटेल." तिच्या मनात काही नव्हतं. ती अगदी प्रेमाने म्हणाली होती. मुली उठून मशीनभोवती जमल्या. ट्रकवाल्याने कुबडी घेतली आणि खुर्ची रिकामी केली.

कंबर धरलीय म्हणता आलं असतं. चष्मा घरी राहिला म्हणता आलं असतं. हे सगळं बाईंना नंतर सुचलं. तेव्हा त्या बसल्या, दोन पट्ट्या सुईखाली सरकवल्या आणि चपलेसकट सगळा पाय पेडलवर ठेवला.

मशीन किंचाळल्यासारखं सुटलं. कापड हातातून ओढलं गेलं, एक पट्टी दुसरीवरून सटकली, बाईंनी घाबरून ती मागे खेचली, पाय मात्र पेडलवरून उठेना. कापड गोळा होऊन खालच्या दातऱ्यांत अडकलं, सुई कशावर तरी खट्कन आपटली आणि तुटली. तुटलेलं टोक कुठे उडालं ते कुणालाच दिसलं नाही. कापड बाहेर काढलं तेव्हा ट्रकवाल्याच्या पट्टीला चांगलं बोट जाईल एवढं भोक पडलं होतं.

कॉलेजच्या एका मुलीला हसू फुटलं. तिने लगेच तोंडावर हात दाबला. 

"मशीनमध्येच काहीतरी घोटाळा असेल," ट्रकवाला म्हणाला.

ज्याला आत्ता केळं म्हणून हसवलं, तो माणूस आपल्याला सांभाळून घेतोय. बाईंची कानशिलं तापली. त्यांनी वर बघितलं तर समोर कॉलरवाली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. कळत गेलं तिला. "बाई, म्हणजे तुम्हाला..." ती म्हणाली आणि थांबली.

बाईंनी पर्स उचलली आणि त्या बाहेर पडल्या. बस स्टॉपवर पोहोचेपर्यंत त्यांना पिशवीची आठवणही झाली नाही.

बस येत होत्या, जात होत्या. बाई बाकावर बसून राहिल्या. शिवता येत नाही याची लाज एवढी नव्हती. ती जुनीच होती, अंगवळणी पडलेली. पण आज त्या मशीनवर एवढीशी सरळ रेषा मारताना घाम फुटला होता, आणि ज्या रेषा त्यांनी डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात परत पाठवल्या होत्या, त्या मारणाऱ्या बायका एकेक करून समोर यायला लागल्या. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबे उघडायचे, आणि कुणीतरी एकटी मशीनवर वाकून उसवत असायची. बाईंनी ते रोज बघितलं होतं. स्वतःचा डबा खाता खाता बघितलं होतं.

घरी आल्यावर त्या यजमानांना म्हणाल्या, "ते मशीन परत देऊन या."

"बरं," यजमान म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने बाईंनी सगळं सांगितलं. कपाटात ठेवलेल्या पट्ट्या नाहीतच, इथपासून सुई तुटली तिथपर्यंत. यजमानांनी एकही विनोद केला नाही, त्यामुळे बाई आणखी घाबरल्या.

"पिशवी राहिली ना तिकडे?" शेवटी ते म्हणाले. "आणावी लागेल."

"तुम्ही आणा."

"मी? अनोळखी वर्गात घुसून बाईमाणसाची पिशवी उचलली तर मार खाईन. तू जा."

पुढच्या वर्गाला बाई मुद्दाम लवकर गेल्या. कुणी यायच्या आत पिशवी घ्यायची आणि निघायचं, असा बेत होता. हॉलमध्ये कॉलरवाली एकटीच मशीनवरची झाकणं काढत होती. पिशवी खिडकीत व्यवस्थित ठेवलेली होती.

"मला शिवता येत नाही," बाई दारातूनच म्हणाल्या.

"ते कळलं त्या दिवशी." कॉलरवालीने हातातलं झाकण घडी करून ठेवलं. "खरं सांगू? घरी गेल्यावर आधी मला हसू आलं. मग राग आला. खूप राग आला, बाई. एकदा तुम्ही माझं सगळं बंडल परत पाठवलं होतं. माझा मुलगा तापाने फणफणला होता, शेजारणीकडे ठेवून आले होते त्याला. सांगितलं होतं मी तुम्हाला. तुम्ही म्हणालात, मशीनला ताप कळत नाही."

बाईंना ते आठवत नव्हतं. आठवत नाही हे सांगायचीही त्यांना लाज वाटली. 

"कॉलरी वाकड्याच होत्या, ते खरं," कॉलरवाली म्हणाली. मग एका मशीनपुढची खुर्ची तिने ओढली. "बसा. चपला काढा आधी. पाय उघडा असला की पेडल किती दाबलंय ते समजतं."

तिने सुईतला दोरा काढून टाकला आणि शाळेच्या वहीतला रेघांचा कोरा कागद मशीनवर ठेवला. या रेघेवरून जायचं. दोरा नाही, कापड नाही, नुसती भोकं. बाई बसल्या. मुली आल्या, त्यांनी बघितलं, एकमेकींना कोपर मारलं. बाई कागद शिवत राहिल्या. मान वर करायची हिंमत नव्हती.

ट्रकवाला कुबडी टेकत आला तेव्हा मात्र त्यांना मान वर करावी लागली. "तुमची पट्टी मी फाडली."

"दुसरी कापली मी."

"आणि वाकतं का, ते मला माहीतच नव्हतं."

"मला कळलं आता," तो एकदम खुशीत येऊन कॉलरवालीकडे हात करत म्हणाला. "यांनी सांगितलं. एक पट्टी वरून खाली शिवायची आणि पुढची खालून वर. मी सगळ्या एकाच बाजूने शिवत होतो, त्यामुळे कापड एकाच अंगाला ओढलं जायचं. बघा!" त्याने आपली गोधडी उलगडली. सरळ होती. बऱ्यापैकी सरळ. बाईंना दोन जागी सुटलेलं दिसलं. त्या म्हणाल्या, "छान झालीय." शब्द तोंडात नवा बूट चावतो तसा चावला.

कागदावरून त्या कापडावर आल्या. कडेपासून पाव इंच सोडून शिवायचं, शिवलं की इस्त्री करायची, आणि इस्त्री घासायची नाही, नुसती उचलून ठेवायची, नाहीतर पट्टी ताणते. पिवळी पांढरीला, हिरवी ठिपक्यांना, मग जोड्या जोड्यांना. शिवलेलं प्रत्येक वेळी त्या दिव्याखाली धरायच्या आणि उसवायला घ्यायच्या. एके दिवशी कॉलरवालीने त्यांच्या हातातून उसवायचं हत्यार काढून घेतलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं. "आज मिळणार नाही. नाहीतर नातू गोधडीत नाही, कॉलेजात जाईल."

नातू नव्हे, नात झाली, आणि ठरल्यापेक्षा जरा लवकरच झाली. शेवटची किनार बाईंनी घाईघाईत शिवली. एका कोपऱ्यात कापड चुणलं गेलं. उसवायला वेळ नव्हता.

बाळ घरी आल्यावर दोघं गोधडी घेऊन मुलाकडे गेली. विहीणबाईंनी मोठ्या उत्साहाने कागद फाडला आणि गोधडी पलंगावर पसरली. पसरल्यावर त्यांचं बोलणं थांबलं. असं त्यांच्या बाबतीत फारसं होत नसे. पट्ट्या एकसारख्या रुंद नव्हत्या, मधली एक तर खाली येता येता निमुळती झाली होती, आणि तो चुणलेला कोपरा नेमका वर आला होता.

"किती... प्रसन्न रंग आहेत," विहीणबाई म्हणाल्या.

"मऊ आहे हो," सून लगेच म्हणाली.

यजमानांचा ऊर भरून आला होता. गेले कित्येक दिवस ते बायकोची ही धडपड बघत होते, आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. त्यांच्याने राहवलं नाही. "अहो, पहिलीच आहे तिची! उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मशीनला हात लावला, तोही या वयात! दोन बस बदलून क्लासला जायची..." मधेच त्यांना बायकोचा चेहरा दिसला. पण तोवर सगळं बाहेर पडलं होतं.

"पहिलीच म्हणजे?" मुलगा म्हणाला.

यजमान भिंतीवर घड्याळ शोधायला लागले.

"आई? मग माझे शर्ट?"

"कारखान्यातले होते," बाई म्हणाल्या. स्वतःहून सांगायची एक संधी होती, तीही हातची गेली होती. "नापास झालेले. मी बाण काढून आणायचे."

मुलगा काही वेळ गोधडीकडे बघत उभा राहिला. "त्या निळ्या शर्टाची एक बाही लांब होती," तो म्हणाला. "शाळेत एक पोरगा रोज चिडवायचा. लंगडा शर्ट म्हणायचा. मी त्याला मारलं. दात हलला त्याचा. मला सगळ्या शाळेसमोर उभं केलं, माफी माग म्हणाले, मी मागितली नाही. म्हटलं, आईने शिवलाय तो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं." एवढं बोलून तो बाळाची बाटली धुवायला आत निघून गेला. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.

धरणीने पोटात घेतलं असतं तर बाई आनंदाने गेल्या असत्या. विहीणबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि, देव त्यांचं भलं करो, त्या काहीही बोलल्या नाहीत.

त्यानंतर मुलगा तुटला वगैरे नाही. फोन करायचा. पण "कशी आहेस? बाबा कसे आहेत? बरं, ठेवतो," एवढंच. सून फोटो पाठवायची. गोधडी जमिनीवर अंथरलेली आणि तिच्यावर बाळ पालथं. बाई फोटोत आधी बाळ बघायच्या आणि मग, इच्छा नसताना, तो कोपरा.

वर्गाला मात्र त्या जात राहिल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. घरात बसवत नव्हतं हे एक, आणि दुसरं म्हणजे तिथे आता लपवायला काही उरलं नव्हतं.

एकदा दुपारनंतर अचानक बस बंद झाल्या. यजमानांनी बाईंना न विचारताच मुलाला फोन लावला. वर्ग सुटायच्या आतच तो येऊन हॉलच्या दारात उभा राहिला. त्याच वेळी कॉलरवाली बाईंच्या खांद्यावरून वाकून म्हणत होती, "बाई, पुन्हा पाव इंच सोडलं नाहीत. बघा ना, ही कड कुठे पळालीय. किती वेळा सांगायचं?" बाजूच्या मुली विशीतल्या. त्यांचं कापड पुढे गेलेलं, आणि सगळ्यांत मागे बाणबाई.

बाईंना तो दिसला. कापड टेबलाखाली ढकलावं असं क्षणभर हातांना वाटून गेलं. पण पाय पेडलवर होता आणि पट्टी निम्मी झाली होती, आणि मधेच थांबलं की टाका ओढला जातो. मान खाली घालून, तापलेल्या कानांनी, त्यांनी हळूहळू पट्टी टोकापर्यंत नेली. दोरा कापला. मगच उठल्या.

मुलाने पिशवी घेतली. गाडीत बराच वेळ बाळाच्या झोपेविषयी बोलणं झालं. ती रात्रभर जागते. "तूही जागायचास," बाई म्हणाल्या. मग तो विषय संपला.

सिग्नलला गाडी थांबली. "तो शाळेतला पोरगा," मुलगा समोर बघत म्हणाला, "ज्याला मी मारलं होतं. त्याचं खातं आमच्याच शाखेत आहे. महिन्यातून एकदा तरी येतो."

"मग?"

"काही नाही. त्या माफीचं अजून त्याला काही बोललो नाही."

हसावं की काय करावं ते बाईंना समजेना. मुलगा हसत नव्हता. "बोलशील?" त्यांनी विचारलं.

"बघू," तो म्हणाला. सिग्नल सुटला आणि त्याने गाडी पुढे घेतली. घरासमोर उतरवताना तो वर आला नाही, पण रविवारी बाळाला घेऊन येतो, असं म्हणाला.